पोच

हिंगोली,
दि. १२ नोव्हेंबर २००६

चि. धम्मानंद यास,
ताईचा सप्रेम जयभीम.

इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तू आणि ज्योती बरे असाल. थंडी पडायला लागली आहे. मोंढ्याच्या रस्त्यावर लिलावाला आलेल्या सोयाबीनच्या गाड्यांची रांग असते, त्यामुळे माझी पुसेगावची बस रोज उशिरा पोचते आणि मुख्याध्यापक रोज माझ्याकडे न बघता भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतात. दाजींचे गुडघे दुखतात, पण आगारात कळलं तर हलकं काम देतील आणि लोक हसतील म्हणून ते कुणाला सांगत नाहीत. आई ठीक आहे. हल्ली रोज सकाळी दाजींचा डबा घेऊन तीच आगारात जाते. तेवढंच तिचं चालणं होतं.

इतक्या वर्षांनी ताईचं अक्षर पाहून दचकला असशील. घाबरू नको. कुणी गेलेलं नाही, कुणी आजारी नाही. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? तू इंटरनेटवरच्या लिलावात ज्या रतनसिंग राठोडला बाबांचा कॅमेरा विकलास, आणि ज्याला मेलवर मेल पाठवून 'वस्तू मिळाल्याचे कृपया कळवावे' अशी विनवणी करतो आहेस, त्या रतनसिंगला कॅमेऱ्याचं झाकण कुठून उघडतात हेसुद्धा माहीत नाही. तो दाजींच्या हाताखालचा मेकॅनिक आहे. बिचाऱ्याने फक्त नाव दिलं. कॅमेरा आपल्या आईने घेतला.

आता घोटभर पाणी पी आणि पुढे वाच.

प्रभू आठवतो ना, तुझ्या वर्गातला, परीक्षेत तुझ्या मागे बसून तुझंच उतरवणारा? त्याने आगारासमोर नेट कॅफे टाकला आहे. तू कॅमेरा विकायला काढल्याचं सगळ्या जुन्या मित्रांना कळवलंस, त्यात तोही होता. मी त्याच्याकडे सहामाहीचे पेपर टाइप करायला गेले होते. तो म्हणाला, "ताई, एक गंमत दाखवतो." मला त्यात गंमत काही दिसली नाही. पडद्यावर बाबांचा कॅमेरा होता, एकावर एक दोन भिंगं, एका कोपऱ्यातलं कातडं सोललेलं. खाली तू इंग्रजीत लिहिलं होतंस ते प्रभूने वाचून दाखवलं. 'माझ्या वडिलांचा कॅमेरा. चालू स्थितीत. चांगल्या हाती जावा.'

रात्री जेवताना मी आईला सांगितलं. सांगावं की नाही, भाकरी थापताना विचार करत होते, आणि सांगून मोकळी झाले. तिला वाटलं तू दुकानात विकायला ठेवला आहेस. कितीला, म्हणाली. मी म्हटलं, किंमत ठरलेली नाही, लोक बोली लावतात, सगळ्यांत जास्त बोलेल त्याचा.

"म्हंजी हर्रास हाय की!" आई म्हणाली.

मोंढ्यात वीस वर्षं हळद निवडलेली बाई. लिलाव म्हटलं असतं तर तिने मान हलवून सोडून दिलं असतं. हर्रास म्हटल्यावर तिला सगळं माहीतच होतं. दुसऱ्या दिवशी नवं लुगडं नेसून, चपला घालून ती दारात उभी. "चाल. कुठं हाय ती हर्रास?"

मी तिला समजावलं की तुला नुसतं कळवलं तर तू कॅमेरा तसाच पाठवून देशील. ती म्हणाली, "फुकट नको. आन् माझं नावबी सांगू नको. त्याला कळलं तर त्यो विकणारच न्हाई." हे मात्र तिचं बरोबर होतं. तुझ्या दोन मनीऑर्डरी तिने पोस्टमनच्या हातात परत ठेवल्या होत्या, तेव्हा तिच्याशी तू व्यवहार करशील असं मलाही वाटत नव्हतं.

तर आम्ही तिघं प्रभूच्या कॅफेत बसलो, एकाच्या खुर्चीला दोघं टेकून. प्रभूचं म्हणणं, बोली लावायच्या आधी पैसे कसे द्यायचे ते ठरवा. जिंकल्यावर माणूस उतावळा होतो आणि समोरचा सांगेल तिकडे पैसे धाडतो. तू चार मार्ग दिले होतेस. तुझ्या बँकेच्या खात्यात थेट भरणा, डिमांड ड्राफ्ट, पोस्टाने व्हीपीपी आणि चौथा म्हणजे साइटमार्फत. चौथ्याला थोडे पैसे जास्त पडत होते.

प्रभू एरवी उंटावरचा शहाणा, पण ह्या बाबतीत त्याला ठेच लागलेली होती. त्याच्या ओळखीचे वसराम म्हणून कापडवाले आहेत. त्यांनी असाच लिलावात मोबाइल जिंकला. विकणाऱ्याने फोन करून गोड आवाजात सांगितलं, साइटला कशाला पैसे खाऊ घालता, माझ्या खात्यात थेट भरा, शंभर रुपये कमी करतो. यांनी भरले. मोबाइल नाही, फोन नाही, माणूस नाही. साइटवाल्यांनी हात वर केले, तुम्ही परस्पर व्यवहार केला, आम्ही जबाबदार नाही. तेव्हापासून वसराम गिऱ्हाइकाने दिलेली नोटसुद्धा उजेडात धरून बघतात.

"पण हा तर आपला धम्मा आहे," मी म्हटलं. "सरळ त्याच्या खात्यात भरू या. घरच्या माणसाला कसली आली जोखीम?"

आईने मानेनेच नाही म्हटलं. ड्राफ्टचं ऐकलं, पुन्हा तेच. मग मी व्हीपीपी सुचवली. पार्सल दारात येतं, पोस्टमनला पैसे द्यायचे आणि घ्यायचं, तिच्या ओळखीची पद्धत. प्रभू म्हणाला, त्यातही खोड आहे. पैसे आधी द्यावे लागतात, पार्सल मग फोडायचं. आत दगड निघाला तर पोस्टमन काय करणार? पण आईने नाकारायचं कारण वेगळंच दिलं. "पोस्टमन यील. पोस्टमनला काय करायचं?" मला वाटलं, बाईचं लक्ष नाही.

"आन् त्यो चौथा?"

प्रभूने तिला मोठ्या उत्साहाने समजावलं. पैसे विकणाऱ्याला जात नाहीत, मधल्या कंपनीकडे राहतात. माल आला, बघितला, पसंत पडला की आपण 'मिळाला' म्हणून बटण दाबायचं. मगच कंपनी त्याला पैसे देते. आईच्या चेहऱ्यावर काय समाधान पसरलं म्हणून सांगू!

"मंग असं सांग की. मधी अडत्या हाय."

"बराबर, मावशी! अडत्याच."

"आन् बटन म्हंजी पोच."

"पोचच."

"ह्योच घ्या," आई म्हणाली. मला त्या क्षणी फार लाज वाटली, धम्मा. परक्या माणसासमोर आईने पोटच्या पोरावर अडत्या बसवला. घरी येताना मी तिला बोललेसुद्धा. ती ऐकून न ऐकल्यासारखं करून पुढे चालत राहिली.

बोलीची हकीकत तुला ठाऊकच आहे. कलकत्त्याचा कुणीतरी तुझा कॅमेरा सोडायला तयार नव्हता. तो पन्नासने चढवायचा, आई शंभराने. शेवटी शेवटी तर ती उठून उभी राहिली आणि मोंढ्यात ओरडतात तशी पडद्याकडे बघून ओरडली, "अजून शंभर! लिही!" पलीकडे गेम खेळणारी पोरं उठून आमच्या मागे येऊन उभी राहिली. जिंकल्यावर त्यांनी टाळ्या वाजवल्या. प्रभूने त्याच्या कार्डावरून पैसे भरले आणि आईने कनवटीचे काढून त्याला दिले.

खोका नीट आला. तू फार व्यवस्थित बांधला होतास. तुझा पत्ता मी त्याच्यावरूनच उतरवून घेतला. पण पोच द्यायची राहिली आहे, हे खरं. आईला कॉम्प्युटरच्या बटणाची धास्ती वाटते, आज दाबू, उद्या दाबू असं चाललं आहे. म्हातारी माणसं, तुला माहीत आहे. तेवढी साइटकडे तक्रार करू नकोस. तक्रार केलीस तर रतनसिंगच्या नावावर जाईल आणि त्याचा काही दोष नाही. थोडी कळ काढ, मी आईला समजावते.

ज्योतीला सप्रेम जयभीम सांग. प्रकृतीला जप.

तुझी,
सत्यशीलाताई

---

हिंगोली,
दि. २६ नोव्हेंबर २००६

प्रिय धम्मा,
सप्रेम जयभीम.

प्रभूच्या फोनवर तू जे बोललास ते त्याने मला शब्द न् शब्द सांगितलं. सांगताना तो खाली बघत होता. 'कॅमेरा तिलाच ठेवू दे, पैसेही तिलाच ठेवू दे. सख्ख्या मुलाला चोर समजून मधे कंपनी बसवते. मी साइटला कळवतो की मला पैसे नकोत. पुन्हा मला कुणी पत्र लिहू नका.'

हे ऐकल्यावर मला तुझा राग आला आणि माझा त्याहून जास्त आला, कारण तुझी ही समजूत माझ्याच पत्राने करून दिली. मी तुला खोटं लिहिलं. आईला बटणाची धास्तीबिस्ती काही नाही. दाजींचा मोबाइल ती माझ्यापेक्षा सफाईने चालवते. पोच तिने मुद्दाम अडवली आहे. का, ते मला माहीत होतं. तिचं गुपित तिच्या तोंडून तुला कळावं असं वाटलं म्हणून मी मूग गिळून बसले. आता तू पुन्हा पत्र लिहू नका म्हणतोस, म्हणून लिहिते आहे. ताई आहे मी, एवढं तर तुझं मोडणारच.

खोका आला त्या दिवसाचं सांगते.

कुरियरवाल्याने तो आगारात आणला. आई तिथेच होती. रतनसिंगने सही केली, खोका घेतला आणि हसत हसत तिच्या पुढ्यात ठेवला. "घ्या मावशी, तुमचा माल."

आईने खोक्याकडे बघितलं नाही. कुरियरवाल्याच्या पाठीमागे बघत राहिली. मग त्याला विचारलं, "धनी कुठं हाय?"

"कोण धनी?"

"मालाचा धनी. ज्यानं विकला त्यो."

त्याला वाटलं म्हातारीचं डोकं फिरलं आहे. तो मोटारसायकलला किक मारून गेला. दाजींनी खोका घरी आणला. मी शाळेतून आले तर तो पेटीवर ठेवलेला आणि आई त्याच्याकडे पाठ करून बसलेली. मी म्हटलं, फोड की, बघ तरी. नाही म्हणाली. मी म्हटलं, मग प्रभूला सांगते पोच दे म्हणून. तर एकदम वळली.

"कशाची पोच? हर्रास झाल्यावर मालाचा धनी मालापाशी ऱ्हातो. माप व्हईस्तोर हालत न्हाई. अडत्याकडून पैसे हातात घेतो, मंग घरी जातो. मी वीस वर्सं पाहिलं. माल टाकून पळालेला धनी म्या एकबी पाहिला न्हाई."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, धम्मा. तिने चौथा मार्ग तुझ्यावर विश्वास नाही म्हणून घेतला नव्हता. थेट भरणा केला तर पैसे तुला पुण्यातच मिळतात, ड्राफ्ट पुण्यातच वटतो, व्हीपीपी पोस्टमन आणतो. ह्यातल्या कशातच तुला हिंगोलीला यावं लागत नाही. अडत्याकडे पैसे अडकले म्हणजे मात्र धन्याला यावंच लागतं. तिच्या हिशेबाने कंपनी म्हणजे कुठलं तरी मोंढ्यातलं दुकान, तिथे गादीवर कुणीतरी बसलेला, आणि तू कॅमेरा काखेत मारून पुण्याच्या गाडीतून आगारात उतरणार. रतनसिंगचं नाव देऊन पत्ता आगाराचा द्या, हेही तिनेच सांगितलं होतं. आम्हाला ती हुशारी वाटली. तिला फक्त तू उतरशील तिथे उभं राहायचं होतं.

आणि दाजींचा डबा. पहिल्या पत्रात मी ते चालण्याच्या नावावर खपवलं. दाजींचा डबा इतकी वर्षं दाजीच नेत होते. बोली जिंकल्याच्या दुसऱ्या दिवसापासून ती न्यायला लागली, कारण पुण्याची गाडी सकाळी लागते. डबा दाजींकडे देते आणि फलाटावरच्या बाकावर बसते. सगळे उतरले, कंडक्टर उतरला, की उठते. कंडक्टर लोकांना आता माहीत झालं आहे. एकजण तर दारातूनच मान हलवून नाही म्हणतो, म्हणजे तिला उठून यावं लागू नये.

मी तिला खूप समजावलं की ह्या हर्राशीत धनी येत नाही, इथे माल कुरियरने जातो, पैसे तारेतून जातात, माणसाला माणूस दिसत नाही. तिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "असं कसं? त्यानं लिव्हलं व्हतं ना, मीबी हिंगोलीचाच म्हणून. हिंगोलीचा हाय तर हिंगोलीचा रिवाज त्याला म्हाईत न्हाई व्हय?"

तुझ्या त्या मेलबद्दल लिहायचं मी आतापर्यंत टाळलं. आता लिहितेच.

आम्ही लिलाव जिंकल्यावर तू रतनसिंगला पहिलं मेल पाठवलंस, इंग्रजी अक्षरांत मराठी. प्रभूने ते वाचून दाखवलं. 'आदरणीय रतनसिंगजी, मीही मूळचा हिंगोलीचा. कॅमेरा आपल्या गावी चालला याचा आनंद वाटतो. विकायचा नव्हता, पण आता फिल्म धुऊन देणारं कुणी राहिलं नाही. शिवाय मुलगी दोन वर्षांची आहे, क्षणभर एका जागी थांबत नाही. ह्या कॅमेऱ्यात तिचा एकही फोटो नीट येत नाही, म्हणून डिजिटल घ्यायचा आहे.'

धम्मा, आपल्या घरात एक मुलगी जन्मली आहे आणि ती दोन वर्षांची झाली आहे, हे आम्हाला रतनसिंगच्या नावाने आलेल्या मेलमधून कळलं. मी, तिची आत्या, नेट कॅफेत पेपरची झेरॉक्स हातात धरून हे ऐकत होते. परक्या मेकॅनिकला तू सांगितलंस. आम्हाला का सांगितलं नाहीस? हे विचारायला मला हक्क आहे. मी तुझ्याशी भांडलेले नव्हते. आईशी तुझं बिनसलं आणि तू माझ्यावरही पाणी सोडलंस. पाच वर्षं आई माझ्या दारात आहे. लोक विचारतात, मुलगा असून जावयाकडे का राहते? ती सांगते, मला इथली हवा मानवते. मी ऐकते आणि आत जाऊन भांडी आपटते. इतका राग आहे माझा, आणि तरी पुण्याची गाडी लागली की मीही माझ्या बसच्या पायरीवर उभी राहून आधी उतरणाऱ्यांची तोंडं बघते.

आईने ते मेल प्रभूला तीनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "पोरीचं नाव लिव्हलं न्हाई?" प्रभू म्हणाला, नाही. "परक्याला काहून लिहील," ती म्हणाली आणि पदर सावरून उठली. 

बाबा गेले तेव्हाचं तुला वेगळं सांगायला नको. तिसऱ्या दिवशी तू निघालास, पुण्यानुमोदनाच्या विधीलाही थांबला नाहीस. तुझी मुलाखत होती, ती चुकवून चालणार नव्हतं हे मला तेव्हाही कळत होतं, आज तिलाही कळतं. पण तेव्हा घरात माणसं भरली होती, आणि सगळ्यांसमोर ती बोलली, "बापाची माती वली हाय आन् ह्यो चालला. पोच न्हाई याला. घे त्यो कॅमेरा आन् जा, पुन्यांदा दारात येऊ नको." दुःखात माणूस बोलून जातं. पण तू तिचाच मुलगा, तू ते पाळलंस. कुणी म्हणालं चूल पेटवू नको तर आयुष्यभर उपाशी बसशील असा तुझा स्वभाव. आणि ती तुझी आई, तिला बोललेलं मागे घेता येत नाही. मोंढ्यात दिलेला शब्द कुणी मागे घेत नाही म्हणे. तिला 'ये रे' म्हणायचं होतं, धम्मा. तिला ते बोलता येईना, म्हणून तिने बोली लावली.

यंदा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आम्ही नागपूरला गेलो होतो, पन्नासावं वर्ष म्हणून. दाजी पुस्तकांच्या दुकानांत रमले. आई एका जागी बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघत होती. मला वाटलं दमली. परत येताना गाडीत म्हणाली, "पुण्याचीबी लई माणसं आल्ती." एवढंच. मी काय समजायचं ते समजले.

आता मी जे केलं ते सांगते.

तुझा फोन कळला त्याच दिवशी शाळेतून येताना मी प्रभूकडे उतरले आणि ते बटण दाबलं. 'वस्तू मिळाली, व्यवहार पूर्ण.' आईला विचारलं नाही. दोन-चार दिवसांत पैसे तुझ्या खात्यात येतील. ते कंपनीला परत करायचं नाटक करू नकोस. नवा कॅमेरा घे, पोरगी धावते आहे तोवर तिचे फोटो काढ. आईचे कष्टाचे पैसे आहेत, ते तिच्या नातीवर खर्च झाले तर तिला आवडेल. पैशासाठी तुला कुणी हिंगोलीला खेचून आणलं असं व्हायला नको होतं मला. आलास आणि मनातून आला नाहीस, तर ते तिला पहिल्या घोटाला कळलं असतं. तुझ्या आईला चहात साखर कमी असली तरी कळतं.

घरी येऊन मी तिला सांगितलं. ती तूर निवडत होती. सूप खाली ठेवलं. मला वाटलं आता वीज कोसळणार. मी एका दमात सगळं बोलून टाकलं, की तो दुखावला आहे, त्याला वाटतं तू त्याला चोर समजतेस, म्हणून पोच देऊन टाकली, आता त्याच्यावर आपलं काही बंधन नाही.

"चोर?" ती म्हणाली. "माझं लेकरू?"

मग सूप उचललं, दोन खडे काढले, पुन्हा ठेवलं. तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता, अगदी लहान पोरीसारखा. मला म्हणाली, "मंग आता त्यो कशापायी यील?"

धम्मा,  अडकलेले पैसे हे एकच कारण तिच्या हातात होतं आणि ते मी तिच्या हातातून काढून घेतलं. आता खोका पेटीवर आहे, पैसे तुझे आहेत, व्यवहार चोख पूर्ण झाला आहे, आणि तुला हिंगोलीला यायचं कुठलंही कारण उरलेलं नाही, एका आईशिवाय.

उत्तराची नाही, तुझीच वाट पाहणारी,
ताई